आभाळातला काटा

दौलतराव भगत कुणाला 'कसे आहात' म्हणून विचारत नसत. ते थेट वजन सांगत.

बदली होऊन पांढरकवड्याला आलो त्या दिवशी मी सायकल धरून नव्या घराच्या दारात उभा होतो. शेजारच्या अंगणात खाटेवर बसलेल्या एका वाळक्या गृहस्थानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "एकसष्ट. सायकलसंगं अठ्ठ्याहत्तर. जयभीम मास्तर, या, पाणी घ्या."

मी विज्ञान शिकवणारा माणूस. मला हा शुद्ध आगाऊपणा वाटला. मुद्दाम बाजारात जाऊन वजन करून आलो. पाव किलो जास्त भरलो. परत येऊन ठसक्यात सांगितलं, तर म्हणाले, "खिशातलं काढून ठेवा अन् मंग करा." खिशात शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा होता. त्या दिवसापासून मी त्यांना काकाजी म्हणू लागलो.

काकाजी बाजारात मापारी होते. तीस वर्षं त्यांनी कापसाच्या गाड्या तोलल्या. भरली गाडी काट्यावर घ्यायची, कापूस उतरला की रिकामी गाडी पुन्हा घ्यायची, आणि भरलीतून रिकामी वजा करायची. पोतं असो की गाडी, जो माल नाही तो बारदाना. हा बारदाना त्यांच्या बोलण्यात सगळीकडे शिरला होता. एक पुढारी चौकात तासभर बोलून गेला, तेव्हा काकाजी म्हणाले, "भाषण दोन क्विंटलचं. बारदाना वजा करा, पावशेर उरते." कुणाच्या मुलीला मोठ्या साहेबाचं स्थळ आलं की म्हणत, "बारदाना वजा करून सांगा, पोरगा किती?" एकदा तर लग्नाच्या मांडवात त्यांनी नवरीचं वजन मोठ्यानं सांगितलं. तेव्हापासून देवका काकू, म्हणजे त्यांची बायको, लग्नात त्यांच्या शेजारीच बसत आणि नवरी आली की त्यांना चिमटा काढत.

रोज दिवस कलला की दोघं विहारात वंदनेला जात. काकाजी पुढे, काकू मागे. काकाजी मध्येच थांबत, भिंतीवरची जाहिरात वाचल्यासारखं करत, ओठ हलवत, आणि काकू जवळ आल्या की पुन्हा पुढे निघत. मला ते बघवेना. एकदा मी चांगलं सुनावलं, "काकाजी, बाईमाणसाला मागून चालवायचे दिवस गेले आता."

"हव," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढेच चालले.

त्या वर्षांत कापसाचं काही खरं नव्हतं. गाड्यांच्या रांगा दोन-दोन दिवस हलत नसत, आणि काट्यावर चढेपर्यंत भाव आणखी उतरलेला असे. तोलून आलेले काकाजी घरी येऊन गप्प बसत. अशाच एका रविवारी दुपारी त्यांना बोलतं करावं म्हणून मी मासिकातला एक लेख वाचून दाखवला. खरं सांगायचं तर, या माणसाला एकदा तरी चकित करावं अशी माझी फार दिवसांची इच्छा होती.

लेख ध्रुवावरच्या बर्फाचा होता. तो बर्फ किती कमी होतोय, हे दोन उपग्रह आभाळातून तोलतात. एक पुढे, एक मागे. दोघांत अंतर किती, तर पांढरकवड्याहून निघून नागपूर मागे टाकून मध्य प्रदेशाच्या हद्दीत शिराल एवढं. खाली बर्फाचा मोठा ढीग आला की तो पुढच्याला आधी ओढतो, पुढचा जरा पळतो, अंतर वाढतं. मग मागचाही ओढला जातो. हा फरक केसाच्या जाडीपेक्षा कमी असला तरी त्यांना कळतो.

काकाजी खाटेवर ताठ बसले. "थांबा, मास्तर. दोन गाड्या नाल्याच्या उताराले लागल्या. पुढची आधी पळते, मागची मागं राह्यते. मंग मागची बी उताराले लागते. दोघींतलं अंतर पाह्यलं का उतार केवढा ते समजते. तसंच ना?"

बारा वर्षं मी गुरुत्वाकर्षण शिकवत होतो. मला ही गाडी कधी सुचली नव्हती.

"अन् बारदाना?" त्यांनी विचारलं. "बरफाखाली दगड असन, माती असन. ते कोण वजा करते?"

मी लेख पुन्हा चाळला. "ते दर महिन्याला त्याच जागेवरून जातात, काकाजी. पहिल्या वेळेतून दुसरी वेळ वजा करतात."

"म्हंजे बारदाना तोच. कमी होते तो मालच." ते उठून अंगणात गेले, कपाळावर हात धरून वर बघू लागले. वर दुपारचं पांढरं आभाळ होतं, त्यात काहीच नव्हतं. "बाप्पा! ना काटा, ना गाडी, ना हमाल. तिकडं कोणी माणूस बी नाही. अन् बरफ कमी झाला ते कोणाले तरी समजते!" मीही त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो आणि माझ्या अंगावर काटा आला. चकित करायला निघालो होतो मी, आणि झालोही मीच.

पुढे पंधरा दिवस त्यांनी रांगेतल्या प्रत्येक गाडीवानाला तो बर्फ तोलून दाखवला. एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, आमचा कापूस बी तिकडूनच तोलून घ्या, इथं लई येळ लागते." काकाजी खूप हसले.

मग एक दिवस शाळा सुटायच्या वेळी ते फाटकाशी उभे दिसले. शाळेत ते कधीच येत नसत.

"मास्तर, पुढच्या-मागच्यातलं अंतर वाढतच गेलं तं?"

"नाही हो, ते पुन्हा जुळवून घेतात. तशी सोय असते वर."

"वरचं नाही इचारून राह्यलो." ते जमिनीकडे बघत होते. "पोळ्याले आठ पावलं होतं. दिवाईले अकरा. काल एकोणीस झाले. तुमच्या काकूले विचारलं तं म्हणते, मले काय धाड भरली? दवाखान्याचं नाव काढू देत नाही."

मला भिंतीवरच्या जाहिराती आठवल्या, ते हलणारे ओठ आठवले, आणि मी केलेलं भाषण आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पण काकाजी, तुम्ही तर नुसतं बघून वजन सांगता."

"साऱ्यायचं सांगतो. तिच्याकडं पाह्यलं का आकडाच येत नाही, मास्तर."

काकूंना यवतमाळच्या दवाखान्यात न्यायचं काम माझ्यावर आलं. त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी घाबरत घाबरत पावलांची गोष्ट काढली, तर त्यांनी मानही वर केली नाही.

"ते पावलं मोजतेत हे मले कवापासून ठावं हाय. म्हणून तं दम लागला तरी पाय उचला लागते. अंतर वाढलं का ह्यायच्या गळ्याखाली घास उतरत नाही." त्यांनी सूप बाजूला सारलं. "चला कवा जाचं ते. आता माह्यानं बी धावणं होत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं यवतमाळला गेलो. तिथल्या नर्सनं काकूंना आधी वजनकाट्यावर उभं केलं. ज्या माणसानं अख्ख्या तालुक्याचा कापूस तोलला, तो काट्याकडे पाठ करून भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचत राहिला.

"एकोणचाळीस," नर्स म्हणाली.

"लुगडं वजा करा," काकाजी भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. त्यांच्या तोंडून असलं काही ऐकून मला हसू आलं नाही, अशी ती पहिलीच वेळ.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचं दुखणं आहे, गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि दर महिन्याला येऊन दाखवायचं. दर महिन्याला म्हटल्यावर काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच बोट वर केलं, आभाळाकडे.

दवाखान्याच्या आवारातून फाटकाकडे निघालो, तेव्हा काकाजी थांबले आणि त्यांनी काकूंना पुढे जाऊ दिलं. त्यांच्या मागून ते अगदी बारीक पावलं टाकत चालले होते, त्या थांबल्या की थांबत होते. फाटकापाशी काकू उभ्या राहिल्या. मागे न वळता त्यांनी विचारलं, "किती झाले?"

"मोजले नाही," काकाजी म्हणाले आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.