घुबडाची मागणी

"घुबडाला पूल ओलांडायला परवाना लागतो का?"

लुजैननं हे भर सभागृहात उभं राहून विचारलं, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी डोळे मिटून घेतले. खरं तर प्रश्न लुजैनचा नव्हताच. मागच्या बाकावरून अरीज आणि सजानं तिला डिवचलं होतं, "विचारून दाखव. विचारलंस तर फलाफल आमच्याकडून." गेल्या वर्षीची लुजैन असती तर बाकाखाली शिरली असती. पण मध्यंतरी ती जिल्ह्याच्या वक्तृत्वात पहिली आली होती, आणि तेव्हापासून गप्प बसणं म्हणजे तिला देवानं दिलेलं तोंड फुकट घालवणं वाटत होतं.

मंचावर तीन पाहुणे होते. नदीच्या अलीकडचे, इर्बिदच्या विद्यापीठातले मुअतसिम सर, पलीकडच्या जेरिकोच्या पॅलेस्टिनी डॉक्टर सुहाद आणि पलीकडूनच सीमेचा पूल ओलांडून आलेला इस्रायली अम्नोन. तिघांचं म्हणणं एकच. उंदरांना विष घालू नका, शेतात उंच पेटी बसवा. घुबड आपण होऊन राहायला येतं आणि उंदरांचा निकाल लावतं. पण पेट्या नदीच्या दोन्ही काठांना हव्यात, कारण उंदरांना सीमा कळत नाही.

अम्नोननं अरबी शिकली होती ती जुन्यापुराण्या ग्रंथांतून. तो उभा राहिला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "हे सुकन्ये, पक्ष्यास अनुज्ञापत्राची आवश्यकता नसते. मज पामरास मात्र असते. त्यास्तव मी सूर्योदयापासून पुलावर तिष्ठत होतो."

सभागृह हसून लोळलं. मुख्याध्यापिकाबाईंनी एक डोळा उघडला. आणि मग लुजैननं कुणीही न सांगितलेलं दुसरं वाक्य टाकलं.

"मग आमच्या खजुराच्या बागेत बसवा ना पेटी."

हे मात्र तिचं स्वतःचं होतं. गेल्या उन्हाळ्यात तिच्या मिशमिश मांजरीनं विष खाल्लेला उंदीर खाल्ला होता. मिशमिशला तिनं बागेतच पुरलं होतं, आणि बाबा अजूनही तिथंच विषाच्या गोळ्या टाकत होते.

कार्यक्रम संपल्यावर सुहादबाईंनी विचारलं, "पण तुझे बाबा ऐकतील?"

"ऐकतील की. फक्त कॉफी आली की पिऊ नका. कप खाली ठेवा आणि म्हणा, मागणं मान्य झालं की पिऊ. मग आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही."

"अगं, ते सोयरिकीला करतात."

"कशालाही चालतं."

"पोरगी चुकीचं नाही बोलत," मुअतसिम सर म्हणाले. "भांडण मिटवायलाही करतात." आणि तिघं पांढऱ्या गाडीत बसून थेट तिच्या घरी निघाले. लुजैन मागे राहिली, जिंकलेलं फलाफल खायला. ते फलाफल पुढे कितीतरी दिवस तिच्या घशाशी येत राहिलं.

कारण एक गोष्ट ती साफ विसरली होती. मोठी बहीण रहफ हिला इर्बिदचं स्थळ आलं होतं. मुलाची आई फोनवर बोलून गेली होती, आणि मुलाकडची वडीलधारी मंडळी या आठवड्यात कधीही मागणी घालायला येणार होती. आईनं बैठकीच्या गाद्यांचे अभ्रे दोनदा धुतले होते.

दारात पांढरी गाडी थांबली. बाबा पुढे झाले. "या, या. कुठून येणं झालं?"

"इर्बिदहून," मुअतसिम सर म्हणाले.

आतल्या खोलीत रहफनं हिरवा झगा चढवला. कॉफी आली. तिघांनी कप उचलले आणि तसेच खाली ठेवले. पडद्याआडून आईनं ते पाहिलं.

"मान्यवर यजमान," अम्नोन म्हणाला, "आमची याचना सफल होईतो आम्ही हे पेय प्राशन करणार नाही."

मुलाकडचे मौलवीही आलेले दिसतात, असं बाबांना वाटलं. ते भरल्या आवाजात म्हणाले, "मागणं आम्हाला ठाऊक आहे. प्या कॉफी. दिली."

आईनं जीभ नाचवत आनंदाची अशी खणखणीत किलकारी काढली, की शेजारच्या उम्म गालिबच्या कोंबड्या भिंतीवर चढल्या. पाठोपाठ उम्म गालिबचं डोकंही भिंतीवर आलं.

"आपले औदार्य थोर," अम्नोन म्हणाला. "आम्ही तिला बागेच्या कडेस ठेवू. उंच खांबावर."

बाबांचा हसरा चेहरा तसाच राहिला, फक्त हसू निघून गेलं. "खांबावर?"

"खाली ठेवली तर मांजरं त्रास देतात," सुहादबाईंनी समजावलं.

पडद्यामागून आईचा बारीक आवाज आला, "आणि खायचं-प्यायचं काय?"

"त्याची काळजी नको," मुअतसिम सर म्हणाले. "सुरुवातीला नर आणून देतो. पुढं मादी आपली आपण धरते."

"काय धरते?"

"उंदीर."

नेमकी तेव्हाच लुजैन घरात शिरली, हनुवटीला तिळाची चटणी. "बाबा, दिली ना जागा घुबडाच्या पेटीला?"

मग पडदा बाजूला सारून आई बाहेर आली. "घुबड? पोरीच्या लग्नाच्या तोंडावर माझ्या दारात घुबड?"

"आता शब्द गेला," बाबा म्हणाले. मग ते अम्नोनकडे वळले. त्याच्या उच्चारांचं कोडं त्यांना आत्ता सुटलं होतं, हा नदीपलीकडचा. "आमची आई नदीपलीकडच्या बेसानची. म्हातारीला गच्चीवरून रोज बेसानचे दिवे दिसायचे. मध्ये सीमा आली, जाता कधी आलं नाही. आणि घुबड मात्र खुशाल जाऊन येऊन राहणार."

अम्नोननं ग्रंथातलं काही शोधलं. सापडलं नसावं. "मी बेसानलाच राहतो," तो साधेपणानं म्हणाला. मग त्यानं गार झालेली कॉफी पिऊन टाकली.

तोवर उम्म गालिबचं काम झालं होतं. तिची बहीण इर्बिदला असते. संध्याकाळीच मुलाच्या आईचा फोन आला. आवाज बर्फासारखा. "मुबारक. कळलं आम्हाला, मुलगी दुसरीकडे दिलीत."

"नाही हो, मुलगी नाही दिली," आई घाईघाईनं म्हणाली. "घुबडाला जागा दिली. कायमची."

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी बिचारे तिघं पाहुणे निस्तरायला स्वतः इर्बिदला गेले. तिथंही त्यांनी कप खाली ठेवले. पण तिथं कुणी प्या म्हणालं नाही. कॉफीवर साय धरायची सोय असती तर तीही धरली असती.

रहफनं हिरवा झगा कपाटात टांगला. ती लुजैनला काहीच बोलली नाही, आणि हेच लुजैनला सोसवेना. चिमटा काढला असता, वेणी ओढली असती तर बरं वाटलं असतं. जिल्ह्यात पहिल्या आलेल्या तोंडाला "माझं चुकलं" एवढे दोन शब्द जमायला पंधरवडा लागला.

"जाऊ दे," रहफ म्हणाली. "घुबडाला भिणारी सासू जन्मभर सांभाळायची म्हणजे..." ती हसली. झगा मात्र कपाटातच राहिला.

पेटी खांबावर चढली. शब्द दिला म्हणून बाबांनी विष बंद केलं, आणि वसंतात खरंच जोडी आली. आई आधी तोंड फिरवून जायची. मग उंदीर दिसेनासे झाले तशी जाता-जाता वर बघून पुटपुटायला लागली, "जेवलीस का गं?"

पिल्लं मोठी झाली की तिघं येणार होते, पिल्लांच्या पायांत खुणेच्या कड्या घालायला. आईनं अभ्रे पुन्हा धुतले. पण वरती, मोठ्या लोकांच्यात काहीतरी बिनसलं आणि पूल बंद झाला. सुहादबाईंनी कळवलं, या वर्षी जमेलसं दिसत नाही. मुअतसिम सरांचे वरिष्ठ म्हणाले, सध्या हा विषयच नको. अम्नोनचा फोनवर निरोप आला, "हे सुकन्ये, अपत्ये किती, एवढे तरी कळव."

लुजैन शिडीवर चढली. रहफनं शिडी धरली.

"किती?"

"चार. त्यातल्या लहानाला बाकीचे ढकलतायत."

"आपल्या घरासारखंच."

वरून नदी दिसत होती, पलीकडे बेसान दिसत होतं. लुजैन बराच वेळ उतरलीच नाही.

संध्याकाळी अंगणात आईनं कॉफी ओतली. आता लुजैनलाही मोठ्यांसारखा कप मिळायचा. तिनं तो घेतला, क्षणभर हातात धरला आणि खाली ठेवला.

"गार आहे का?" आईनं विचारलं.

बाबांनी कपाकडे पाहिलं, मग लेकीकडे. "कॉफीला काही झालेलं नाही. ही मागणी आहे." त्यांनी स्वतःचाही कप खाली ठेवला. "कुणाची मागणी आणलीस?"

"माझीच," लुजैन म्हणाली. "कड्या घालायला मी शिकणार. शाळा संपली की घुबडांचंच शिकणार, सुहादबाईंकडे, नदीच्या पलीकडे. पूल उघडेल त्या दिवशी मी पुलावर असेन, आणि परवाना लागतो का, ते या वेळी माझ्यासाठी विचारेन."