थोरलीचा फुटबॉल आणि धाकटीवरचं बालंट

माझं नाव विरुपाक्ष. पुढचं सांगायची सोलापुरात गरज पडत नाही. पाकिटावर नुसतं 'विरुपाक्ष, गुप्तहेर' एवढं लिहिलं तरी पत्र मला पोचेल. आजवर कुणी लिहिलेलं नाही, ही गोष्ट वेगळी. माझी नजर ससाण्याची, कान हरणाचे आणि नाकाबद्दल मी स्वतः काही बोलत नाही, ते लोकांना लांबूनच दिसतं. चाटी गल्लीत माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, पण तो निव्वळ देखावा. माझ्याकडं आलेली घड्याळं वर्षानुवर्षं चालू होत नाहीत, यावरूनच चाणाक्ष माणसानं ओळखावं की माझं खरं लक्ष कुठं असतं.

दुकानात कोंडीबा नावाचा माझा सहायक आहे. मंगळवेढ्याकडचा गडी, वयानं माझ्याहून थोरला, हाडानं दणकट आणि बुद्धीनं बेताचा, असं मी त्या वेळी समजत होतो. माझी अनुमानं ऐकून घेणं हे त्याचं मुख्य काम. मधल्या वेळात तो गिऱ्हाइकांची समजूत काढतो.

तर एकोणीसशे चौतीस सालची खंडेनवमी. सकाळी दुकानाला निघालो, तर माझं भिंग जागेवर नाही. आमच्या मंडळी, दाक्षायणी, देवघरातून म्हणाल्या, "पूजेत मांडलंय. चिमटा, स्क्रू-ड्रायव्हर, सगळीच हत्यारं मांडलीत. उद्या शिलंगण होईपर्यंत हात लावायचा नाही."

"अगं, पण एखादी केस आली तर?"

"अय्यो! लग्न झाल्यापासून आली नाही, ती आजच येतीय होय?"

आणि ती आजच आली. चंद्रमौळी मिलच्या फुटबॉल क्लबचे सेक्रेटरी गुरुबसप्पा घाम पुसत दुकानात शिरले. खरं तर ते दुरुस्तीला टाकलेलं आपलं घड्याळ मागायला आले होते. पण घड्याळाचं नाव निघताच कोंडीबानं त्यांना इतक्या प्रेमानं पाणी दिलं, की त्यांचं मन भरून आलं आणि ते खुर्चीत कोसळले.

"विरुपाक्षअण्णा, फुटबॉल गेला! नवा कोरा! उद्या दसऱ्याला हुबळीवाल्यांशी ढालीची मॅच आणि आज कपाट रिकामं!"

आता या क्लबाची कुंडली सांगितली पाहिजे. क्लबाच्या टीम दोन. एक थोरली, एक धाकटी, आणि दोघींचं पटायचं ते एका चुलीवरच्या दोन जावांइतकंच. थोरलीत गावोगावचे नावाजलेले खेळाडू. मिल त्यांना पगार द्यायची तो खेळण्याचा. कागदावर मात्र सगळे विणकर. सकाळी दूध, दुपारी अंडी, पायांत बूट, आणि मॅचच्या आधी मिलच्या बंगल्यात मुक्काम. धाकटीत खरेखुरे विणकर. दिवसभर मागावर उभं राहायचं आणि भोंगा झाला की अनवाणी मैदानात उतरायचं. थोरलीचे जुने सदरे धाकटीला, थोरलीचा फाटका चेंडू धाकटीला. त्या चेंडूवर इतकी ठिगळं होती की सगळे त्याला 'म्हातारी' म्हणत. धाकटीत कुणी चमकला की थोरली त्याला उचलून न्यायची, आणि थोरलीत कुणी माती खाल्ली की शिक्षा म्हणून त्याला धाकटीत धाडायचे. आपण म्हणजे शिक्षा आहोत, हे रोज ऐकून कुणाला बरं वाटेल?

"मला चोर माहीत आहे," गुरुबसप्पा म्हणाले. "धाकटीचा कप्तान चनबसप्पा. परवाच थोरलीच्या हिंदुरावाशी भांडला. म्हणाला, नव्या चेंडूला एकदा तरी आमचा पाय लागू द्या. उद्या दुपारपर्यंत चेंडू आला नाही, तर धाकटी टीम कायमची बंद! तुम्ही फक्त पुरावा द्या."

"देतो," मी म्हणालो. "एकच अट. संपूर्ण गुप्तता. चेंडू हरवल्याचं क्लबाबाहेर कुणाच्या कानावर जाता कामा नये."

माझ्या या अटीचं पुढं काय झालं, ते मी शक्यतो कुणाला सांगत नाही.

आम्ही क्लबाच्या खोलीवर गेलो. कुलूप शाबूत, खिडकीचे गज शाबूत. एक किल्ली गुरुबसप्पांच्या कडदोऱ्याला, दुसरी थोरलीचा कप्तान हिंदुराव याच्या घरी खुंटीला. हिंदुराव स्वतः बंगल्यात मुक्कामाला. मी कपाटाजवळ गुडघे टेकले. भिंग नसल्यामुळं डोळा फळीला टेकवावा लागला. फळीवर चिमूटभर पिवळं, चिमूटभर लाल आणि झेंडूची एक पाकळी!

"रक्त!" मी ओरडलो. "आणि जखमेवर लावलेली हळद! चोर जखमी आहे."

"मालक, ह्ये कुंकू वाटतंय," कोंडीबा म्हणाला.

"वाटतं तसं नसतं, कोंडीबा. म्हणून तर जगात गुप्तहेर लागतात."

"बरं. पर हिंदुरावाच्या घरी त्येची आई ऱ्हाती की. राजाबाई. किल्ली तिच्यापाशीच हाय. इचारूया का?"

"आणि गुप्ततेचं काय? एका म्हातारीला सांगितलं की अख्ख्या मिलच्या चाळीला कळलं!"

कोंडीबा गप्प बसला. तो पटकन गप्प बसतो, हा त्याच्यातला मोठा गुण.

हिंदुराव बंगल्याच्या ओट्यावर अंडं सोलत होता. आडवातिडवा गडी, पण चेहरा पडलेला. "आमाला त्या पोरांचा राग न्हाय हो," तो म्हणाला. "पर त्यास्नी आमी डोळ्यांपुढं नको. आमाला बगितलं की म्हणत्यात, आले बघा बिनमागाचे विणकर." एवढं बोलून त्यानं अंडं न खाताच बशीत ठेवलं. मी मनात नोंद केली की याला अंडं आवडत नाही.

मग धाकटीचं मैदान. तिथं खेळापेक्षा दगड जास्त. मी सगळ्यांना रांगेत उभं करून पाय पुढं करायला सांगितलं. पहिल्याच सिदू नावाच्या खेळाडूच्या अंगठ्याला हळद थापलेली!

"सापडला!" मी त्याचा दंड धरला.

"कोन सापडलं?" सिदू म्हणाला. "हितं ठेचा समद्यास्नीच लागत्यात की." खाली बघितलं, तर रांगभर हळदीचे अंगठे. अख्खी टीम लग्नाला उभी असावी तशी. मी सिदूला सोडलं आणि लगेच दुसरा सिद्धान्त मांडला: चोरानं गजांतून काठी घालून चेंडू ओढला, त्याची हवा काढली, त्याची धोतरासारखी घडी घातली आणि बाहेर घेतला. म्हणजे चोराला तो पुन्हा फुगवण्यासाठी पंप लागणार. पंप कुठं असतो? सायकलच्या दुकानात!

सायकलवाल्या शिवलिंगप्पानं हात जोडले. "पंप आज मिळायचा नाही. पूजेत आहे." बघतो तर पंपाला झेंडूची माळ. मला संशय आला. शेजारी वाण्याकडं गेलो, त्याच्या तराजूला माळ. न्हाव्याचा वस्तरा पाटावर, सुताराचा रंधा पाटावर, शिंप्याच्या मशीनवर तर कुंकवाची बोटं आणि पुढं नारळ. गावभर हा प्रकार! मी वैतागलो. "कोंडीबा, आज एकही माणूस कामावर नाही. असल्या आळशी गावात तपास करायचा तरी कसा?"

कोंडीबानं त्या नारळाला वाकून नमस्कार केला. मग म्हणाला, "चहा घ्या, मालक."

संध्याकाळी मी गुरुबसप्पांना माझा निष्कर्ष दिला: चनबसप्पाच. पुरावा नव्हता, आणि तेच तर संशयास्पद होतं. इतका चलाख चोर पुरावा ठेवील कसा? चनबसप्पाला बोलावलं. शिडशिडीत, तिशीचा माणूस, केसांत अजून कापसाची कुसं. त्यानं आवाज चढवला नाही.

"अप्पा, चेंडू मी घेतला न्हाय. तुमास्नी वाटत आसंल तर मला काढा. पर टीम बंद करू नका. दिसभर त्या खडखडाटात आमास्नी सोताचा आवाज ऐकू येत न्हाय. सांजच्याला मैदानात कोन तरी नावानं हाक मारतंय, 'चन्या, इकडं दे.' तेवडंच माणसागत वाटतंय बगा."

गुरुबसप्पांनी मान फिरवली. मीही फिरवली, कारण माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. भिंग नसल्यामुळं काय गेलं ते कळलं नाही. खरं सांगतो, त्या क्षणी मला माझा निष्कर्ष आवडला नाही. पण एकदा काढलेला निष्कर्ष मागं घेणं आमच्या धंद्यात बसत नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी भिंगासाठी पुन्हा देवघरापुढं उभा राहिलो. कोंडीबा स्वैपाकघराच्या दारात चहा पीत होता. आता बायकोपाशी कसली गुप्तता, म्हणून मी सगळी केस सांगून टाकली. दाक्षायणीनं फुलं निवडता निवडता ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या हिंदुरावाच्या घरी काल पूजेत काय मांडलं होतं हो?"

"त्याचा इथं काय संबंध?" मी म्हणालो.

कोंडीबानं कप खाली ठेवला आणि तो धावत सुटला.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पळतो तो चोर! इतकी वर्षं मी अस्तनीत निखारा बाळगला होता. मी धोतर सावरत त्याच्यामागं लागलो. मैदानात दोन्ही टीम आणि गुरुबसप्पा जमले होते, मी ओरडलो, "चोर सापडला! कोंडीबा! धरा!" सगळी वरात माझ्यामागं मिलच्या चाळीत शिरली. कोंडीबा हिंदुरावाच्या दारात थांबला होता. त्यानं चप्पल काढली आणि बोट दाखवलं.

आत पाटावर लाल कापड, कापडावर तांदळाची रास, आणि तांदळावर विराजमान फुटबॉल. हळद, कुंकू, झेंडूची माळ, पुढं नारळ आणि पुरणाचा नैवेद्य. शेजारी राजाबाई वात सारखी करत होती.

"आये!" हिंदुराव दारातच खाली बसला. "ह्यो तू नेलास?"

"व्हय. काल पाटेच किल्ली घिऊन गेले. तितंच हळदकुकू वाहिलं, फूल वाहिलं, आन् पदरात घिऊन आले. काय झालं?"

गुरुबसप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. "राजाबाई, हिंदुराव कागदावर विणकर आहे. पूजायचाच तर मागाचा धोटा पूजायचा!"

"धोट्याला त्यानं कदी हात तरी लावलाय का?" राजाबाई म्हणाली. "चाळीत समद्यांच्या घरी हत्यारं पुजली. ह्याला बंगल्यावर जाताना इचारलं, तुजं हत्यार कंचं, तर मान खाली घातली. आवो, ज्याच्यावर आमाला भाकर मिळती त्येच हत्यार न्हवं का? त्यात लाजायचं काय?"

थोरलीतले सगळे आपल्या बुटांकडं बघत होते. तेवढ्यात मागून कुणीतरी हसायला लागलं. चनबसप्पाच होता, पण त्या हसण्यात डंख नव्हता. "बराबर हाय की, मावशी," तो म्हणाला. "आमच्यात धोटा, ह्यांच्यात चेंडू." हिंदुरावानं वर बघितलं, आणि कालपासून पडलेला त्याचा चेहरा पहिल्यांदा जागेवर आला.

"झालं तर मग!" गुरुबसप्पा पुढं सरसावले. "द्या चेंडू. हुबळीवाले येऊन बसलेत."

राजाबाई पाटापुढं आडवी झाली. "कशाला? लाता घालाया? पुजल्याल्या हत्याराला? शिलंगण झाल्याबिगर हलायचं न्हाय."

गुरुबसप्पांनी हात जोडले, मी कायदा सांगितला, हिंदुरावानं गळ घातली. राजाबाई हलली नाही. शिलंगण संध्याकाळी, मॅच दुपारी. आणि सोलापुरात दुसरा चेंडू एकच होता, धाकटीचा.

म्हातारी मैदानात आली तेव्हा हुबळीवाले हसले. थोरलीनं सरावाला दोन लाथा मारल्या. एक गेली गुरुबसप्पांच्या पागोट्यावर, दुसरी परत मारणाऱ्याकडंच. म्हातारी उजवीकडं मारली की डावीकडं जायची आणि टप्पा पडला की रुसून बसायची. हिंदुराव चेंडू काखेत घेऊन सरळ गुरुबसप्पांकडं गेला. "अप्पा, हिची वळख हिच्या माणसास्नीच हाय. म्होरं धाकटीची पोरं घ्या, आमी मागं थांबतो. चनबसप्पाला मधी घाला."

"पण बूट?"

"बुटाचं तिला कौतुक न्हाय," चनबसप्पा म्हणाला.

मॅच मी बारकाईनं पाहिली, पण फुटबॉलचे नियम मला माहीत नसल्यामुळं बराच वेळ हुबळीवाल्यांसाठीच टाळ्या वाजवल्या. शेवटी शेवटी हिंदुरावानं मागून म्हातारी उंच उडवली आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशी हाक मारली, "चन्याऽ, घेऽ!" हुबळीचे सगळे उजवीकडं धावले. चनबसप्पा निवांत डावीकडं जाऊन उभा राहिला होता. म्हातारी वळली, त्याच्या हळदीच्या अंगठ्यावर आली आणि जाळ्यात गेली. त्या एकाच गोलावर ढाल सोलापुरात राहिली. धाकटी बंद करण्याचा विषय गुरुबसप्पांनी पुन्हा काढला नाही; कुणी काढलाच तर ते घड्याळाची चौकशी करायला माझ्या दुकानात येत.

संध्याकाळी शिलंगण झालं. आपट्याची पानं वाटत लोक एकमेकांच्या पाया पडत होते. राजाबाईनं माळ उतरवून चेंडू लेकाच्या हातात दिला. हिंदुरावानं तो क्षणभर छातीशी धरला आणि चनबसप्पाकडं टाकला. "उद्यापासनं ह्यो तुमच्याकडं. म्हातारी आमास्नी द्या, आमालाबी जरा शिकू द्या." चनबसप्पानं चेंडू झेलला, त्यावरचं कुंकू बोटाला घेतलं आणि कपाळाला लावलं. तो रडत होता, आणि ते ओळखायला भिंग लागलं नाही.

मी सगळ्यांना सोनं देत माझ्या तपासाची पद्धत समजावून सांगत होतो. चोराला गाफील ठेवण्यासाठीच मी मुद्दाम चुकीचे सिद्धान्त कसे मांडले, हे सांगत असताना राजाबाईनं माझ्या हातावर पान ठेवलं आणि आदरानं विचारलं, "आन् बाबा, तुमचं हत्यार कंचं?"

मी भिंगाबद्दल बोलायला तोंड उघडलं. पण शेजारी दाक्षायणी उभी होती.

"हे काय, उघडलंय तेच," ती म्हणाली. "पुढच्या नवमीला त्यालाच हळदकुंकू लावून शिलंगणापर्यंत देवापुढं बसवणार आहे."