गुडघ्यांवरून माणूस ओळखणारा नथ्थूजी

नथ्थूजी माणसाच्या तोंडाकडे पाहत नसे. कोणी रामराम घातला की तो धोतराकडे पाही, कारण धोतराच्या आत गुडघे असतात. अकोल्याच्या जुन्या शहरात पंतोजी म्हणून येऊन मला वर्ष झालं होतं. रोज शाळेत जाताना त्याच्या दारावरून जात होतो, तरी माझा चेहरा त्याला ठाऊक नव्हता. एकदा मी वेगळी पगडी घातली, उपरणं बदललं, वाटही बदलली. मागून हाक आलीच.

"पंतोजी, डाव्या पायावर भार टाकून राह्यले तुमी. काहून?"

हा माणूस मला पहिल्या दिवसापासून लबाड वाटला, हे आधीच सांगून टाकतो. तिकडे अमेरिकेत लढाई लागली आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. भावामागोमाग भोंदू आले. कोणाच्या अंगात देवी, कोणाच्या झोळीत भस्म. मी आणि माझे अमरावतीचे दोन मित्र शिळाछापावर पत्रकं काढून अशांना उघडं पाडत होतो. तीन पत्रकं निघाली आणि तीन भोंदू गाव सोडून गेले. चौथं पत्रक नथ्थूजीचं. ते लिहून तयार होतं. छापलं की त्याचं बिऱ्हाड अकोल्यातून उठणार, यात मला शंका नव्हती. फक्त पुरावा हवा होता.

पहिला पुरावा मोर्णेच्या घाटावर मिळाला. नथ्थूजी सकाळी तिथं खालच्या पायरीवर बसून राही आणि उतरणाऱ्या बायामाणसांच्या पायांकडे टक लावून पाही. मी जाब विचारला.

"काय पाहता, नथ्थूजी?"

"उतरणं. चढताना सारेच शूर असतात जी. वाटीचं दुखणं उतरताना उघडं पडते."

वाटी म्हणजे गुडघ्याची वाटी. त्याच्या लेखी माणूस म्हणजे दोन वाट्या आणि त्यांच्या आजूबाजूचा पसारा. माझी खात्री पटली नाही. मी टिपण केलं : घाटावर बसतो, बायांकडे पाहतो.

दुसरा पुरावा त्याच्या ओसरीत सापडला. भिंतीभर खिळे आणि खिळ्याखिळ्याला गाठी मारलेले दोरे. गंडेदोऱ्यांविरुद्ध दोन पत्रकं लिहिलेला मी, मला आनंद झाला. त्याच वेळी सीताराम तिथं लंगडत आला. बाजारात दोरांना टांगलेल्या मोठ्या पोत्यात उभं राहून दिवसभर कापूस तुडवायचा, हे त्याचं काम.

"चढताना दुखते का उतरताना?" नथ्थूजीनं विचारलं.

"उतरताना. चढताना मी घोडा हावो."

"अन् बसून उठताना?"

"तवा माय आठवते बावा."

नथ्थूजीनं त्याच्या वाटीवर तळहात ठेवला आणि गुडघा हळूहळू वाकवायला, सरळ करायला लावला. स्वतः डोळे मिटून घेतले, लांबचं भजन ऐकत असल्यासारखे. मग दोन्ही अंगठ्यांनी वाटी इकडेतिकडे सरकवून पाहिली. मग माझा हात ओढून तिथं ठेवला. हाताखाली जात्यात कोरडी जवारी भरडावी तशी खरखर लागली.

"वाटीखालचा सांधा झिजला," तो म्हणाला. "वाटी आपली चाकोरी सोडून घासून राह्यली."

मग त्यानं दोरा काढला. गुडघ्याच्या चार बोटं वर एका मांडीला गुंडाळला, गाठ मारली. तसाच दुसऱ्या मांडीला.

"हा गंडा नव्हे?" मी म्हणालो.

"माप हाये जी. दुखरी मांडी बारीक व्हते. मांडी बारीक झाली का वाटी मोकाट सुटते."

मी लिहून घेतलं : दोरा बांधल्याची कबुली.

पुढचा उपचारही संशयास्पदच. गरम रेतीचा शेक. उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही. पाय सरळ पसरून घोट्याला रेतीची पुरचुंडी बांधायची आणि सकाळ-संध्याकाळ वीस वेळा उचलायची.

"बरा होईन ना मी?" सीतारामनं विचारलं.

"झिजलं ते वापस येत नाई. दुखणं कमी व्हईन. दोन महिने लागतीन."

बरं करत नाही असं जो भोंदू तोंडानं सांगतो, तो फार पोचलेला असला पाहिजे, असं मला वाटलं. सीताराम दोन महिन्यांनी घाट सरळ उतरू लागला, तेव्हा तर माझा संशय दुणावला. त्यात त्यानं मापाचा दोरा मागून नेऊन दंडाला बांधला आणि नथ्थूजीपुढे नारळ फोडला. हा माझा तिसरा पुरावा.

चौथा आमच्या गल्लीतल्या भटजींनी दिला. त्यांचे दोन्ही गुडघे धरले होते. नथ्थूजीनं त्यांना सांगितलं, पूजा बाजेवर बसून करा, पाय खाली सोडून.

"देव खाली आणि मी वर?" भटजी ओरडले.

"मंग देवालेबी वर ठेवा. त्याले कोठं उठबस करा लागते?"

भटजी थरथरत माझ्याकडे आले. ते आणि मी एका बाजूला, असं त्याआधी कधी घडलं नव्हतं आणि पुढेही घडलं नाही.

पाठीमागून वार करणं माझ्या स्वभावात नाही. छापायला पाठवण्याआधी मजकूर त्याच्या तोंडावर वाचायचा, असं ठरवून एका दुपारी मी थेट त्याच्या स्वयंपाकघरात गेलो आणि दारातच थांबलो. चूल जमिनीवर नव्हती. मातीचा ओटा घालून त्यावर चूल मांडली होती. जातं ओट्यावर, पाण्याची मडकी उंच घडवंचीवर. सरकी काढायचा रेचा, ज्यापुढे साऱ्या वऱ्हाडातल्या बाया उकिडव्या बसतात, तोही चौपाईवर. इतकं करून ओटा त्याला स्वतःला पुरतच नव्हता. नथ्थूजी ताडासारखा उंच. तो कमरेत मोडून भाकर थापत होता. याला घरचं कामही धड जमत नाही, हे मी मनात नोंदवलं आणि पत्रक वाचायला लागलो.

तो भाकर थापत ऐकत होता. 'शेकाच्या मिठाने भोळ्या जनांस भुलवितो' इथं त्यानं मला थांबवलं.

"मीठ नाई. रेती."

मी दुरुस्ती केली. शेवटपर्यंत वाचलं.

"हा कागद अमरावतीले जाते का?" त्यानं विचारलं.

"तिथंच छापतो. तिथं आधी वाटला जातो."

"राजापेठेत?"

"घरोघर."

"मंग छापा."

"नथ्थूजी, हे छापलं तर तुम्हाला इथं कोणी उभं करणार नाही."

"जाईन जी दुसरीकडं. पण त्यात चुलीचं लिवा. चूल वर केली म्हणा. रेचाबी वर केला."

"ते कशाला?"

त्यानं भाकर तव्यावर टाकली.

"राजापेठेत माह्या सायाचं घर हाये. त्याले वाचता येते. तो तिले वाचून दाखवीन."

ती म्हणजे त्याची बायको, साया म्हणजे तिचा भाऊ. भाव चढला तेव्हा हा बाजारात तुडवणाऱ्यांवर मुकादम होता आणि ती घरी दिवस उगवल्यापासून रेच्यावर बसे. उठताना भिंत धरी. गुडघा दुखतो म्हणाली, तर हा म्हणाला, बसून तं काम हाये, बसल्या बसल्या कायचं दुखते? पोळ्याला ती भावाकडे गेली आणि परतली नाही. याला तीन वर्षं झाली होती.

"आणायला गेला नाहीत?"

"कोणत्या तोंडानं जाऊ जी?" तो म्हणाला. "तुमच्या कागदाले काई लाज नाई. तो जाईन."

मी विरघळलो असं कोणी समजू नये. असल्या कहाण्या मी पुष्कळ ऐकल्या आहेत. खात्री करून घ्यावी म्हणून, पत्रक खिशात ठेवून, पुढच्या सुट्टीत मी अमरावतीला गेलो आणि राजापेठेत त्याच्या मेव्हण्याचं घर शोधलं.

दाराची चौकट धरून एक ठेंगणी बाई बाहेर आली.

"कोन तुमी? त्यानं धाडलं?"

"नाही. मी त्याच्याविरुद्ध आहे."

"मंग बसा," ती म्हणाली.

मी बसलो नाही. पत्रकही काढलं नाही. नथ्थूजीनं चूल वर केली आहे, एवढं सांगितलं. जात्याचं सांगितलं, रेच्याचं सांगितलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्षभर नथ्थूजीकडे पाहत होतो.

"तुमी डोयानं पाह्यलं? का त्यानं पढवलं?"

"डोळ्यानं पाहिलं."

"किती वर केली?"

मी जमिनीपासून हात धरून दाखवला. तिनं चौकट सोडली, लंगडत दोन पावलं आली आणि माझ्या हाताला लागून उभी राहिली. हात तिच्या बरोबर कमरेशी होता. बोटभर वर नाही, बोटभर खाली नाही.

तिनं त्या हाताकडे पाहिलं.

"मले मापलं कवा त्यानं?" ती म्हणाली.