चि. सौ. कां. रंजिताच्या विवाहाच्या चित्रीकरणाबाबत

चैत्रातल्या एका मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी यादवराव महाजन बऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या आपल्या घरी उठले. त्यांनी तोंड धुतले, नळाखाली पिंप लावले, ते भरेपर्यंत अंगणातल्या जास्वंदीची पाच फुले तोडली आणि देवांना वाहिली. पावणेसातला त्यांनी चहा घेतला. चहाबरोबर वर्तमानपत्रातले निविदांचे पान वाचले, कारण उरलेल्या पानांवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. सव्वासात वाजता फोन वाजला आणि महाजनांच्या घरातली ती शेवटची साधी सकाळ संपली.

यादवराव बऱ्हाणपुरातल्या एका शासकीय कार्यालयात मुख्य लिपिक होते. सगळे त्यांना बडे बाबू म्हणत. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी स्वतःहून एकही निर्णय घेतला नव्हता आणि त्यामुळे त्यांची एकही चौकशी झाली नव्हती. कागद त्यांच्याकडे येत, काही काळ विश्रांती घेत आणि पुढे जात. अशा माणसाच्या मुलीचे, रंजिताचे, लग्न वैशाखात ठरले होते. नेपानगरचे प्रकाशराव हे व्याही, तुषार हा जावई.

फोन उखर्डूभाऊंचा होता. उखर्डूभाऊ केळीचे आडते. केळीइतक्याच सोयरिकीही त्यांनी पिकवल्या होत्या आणि हीसुद्धा त्यांनीच जमवलेली.

"बडे बाबू, नेपानगरहून प्रकाशरावांचा फोन होता. विचारत होते, व्हिडिओवाल्याचं काय?"

"म्हणजे पाहिजे म्हणतात की नको म्हणतात?"

"ते मी कसं विचारू? त्यांनी जेवढं म्हटलं तेवढं मी सांगून राहिलो. आपण मधले माणूस. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. आपल्या पदरचं काही नाही."

हे खरे होते. सोयरीक एकदा जुळली की दोन्ही बापांनी एकमेकांना थेट काही विचारायचे नाही, ही रीत यादवरावांच्या आजोबांच्याही आधीची. मुलीच्या बापाने "व्हिडिओ हवा का हो?" असे विचारले, तर तो हात आखडतो असे होते. मुलाच्या बापाने "नको" म्हटले, तर आधीच्या अपेक्षा काय होत्या, याची चर्चा सुरू होते. म्हणून दोन सुशिक्षित घरांमधला सगळा पत्रव्यवहार केळीच्या वखारीतून चाले.

यादवरावांनी निळ्या कव्हरची एक नस्ती उघडली. तिच्यावर सुवाच्य अक्षरात विषय लिहिला आणि कोकिळाबाईंचे, म्हणजे पत्नीचे, मत मागवले.

"विचारलं म्हणजे पाहिजेच असेल," कोकिळाबाई पीठ चाळता चाळता म्हणाल्या. "नको असलेल्या वस्तूची चौकशी कोण करतं?"

"तरी घाई नको." यादवरावांनी उखर्डूभाऊंना उत्तर पाठवले, "विषय विचाराधीन आहे."

दोन दिवसांनी तिकडून निरोप आला. उखर्डूभाऊंनी तो शब्दशः सांगितला. "प्रकाशराव म्हणाले, एवढा विचार कशाला करून राहिले? एक साधा कॅमेरा पुरे."

यादवरावांना हायसे वाटले. त्यांनी 'एक' हा आकडा लिहायला लेखणी उचललीसुद्धा होती. पण कोकिळाबाईंनी चाळणी खाली ठेवली.

"अहो, पंगतीत सोयरा 'पुरे' म्हणतो, तेव्हा आपण थांबतो का?"

यादवरावांची लेखणी थांबली. मुद्दा बिनतोड होता. वरण-बट्टीच्या पंगतीत सोयऱ्याने ताटावर हात आडवा धरून "पुरे, पुरे" म्हणायचे असते आणि वाढणाऱ्याने त्याच्या बोटांच्या फटीतून आणखी दोन बट्ट्या सोडून वर तुपाची धार धरायची असते. जो खरोखर थांबतो, त्याच्या घरी पुन्हा कोणी जेवत नाही. यादवरावांनी 'दोन कॅमेरे' असे लिहिले आणि तसे कळवले.

तिकडून उत्तर आले, "दोन म्हणजे फार झालं हो."

"पाहा!" कोकिळाबाई म्हणाल्या. "फार झालं म्हणाले. पंगतीत 'फार झालं' म्हटल्यावर काय करतात?"

"दराबा वाढतात," यादवराव खिन्नपणे म्हणाले.

दराबा ही बऱ्हाणपूरची तुपात भिजलेली मिठाई, आणि कॅमेऱ्यांवरचा दराबा म्हणजे ड्रोन, हे गल्लीतल्या कोणीही सांगितले असते. ड्रोन मंजूर झाला. त्यानंतर मात्र तीन दिवस नेपानगरहून काहीच आले नाही आणि हे सगळ्यांत वाईट होते. पंगतीत सोयरा मुकाट्याने जेवू लागला, तर तो रुसला असे समजतात आणि यजमान हात जोडून त्याच्यापुढे उभा राहतो. यादवरावांनी हात जोडले, म्हणजे क्रेन मंजूर केली. शेतात विहिरीचा गाळ उपसायला लावतात तशी ती असते. फक्त तिच्या टोकाला कॅमेरा बसवलेला असतो आणि ती पाहुण्यांच्या डोक्यांवरून फिरते.

व्हिडिओवाला मोहित याची सिंधीपुऱ्यात दोन खोल्यांची जागा होती. एवढे मोठे काम आल्यावर त्याने रीतसर एक तक्ता पाठवला. तो पाहून यादवरावांना प्रथमच या प्रकरणात आपलेपणा वाटला. तक्त्यात रकाने होते. वधूचा प्रवेश (चार वेळा, चार कोनांतून). हार घालणे (तीन वेळा). मंगलाष्टके (गुरुजींनी 'सावधान'पाशी थांबावे, क्रेन फिरली की पुढे म्हणावे). शेवटचा रकाना पाठवणीच्या वेळी रडणाऱ्यांचा होता. यादवरावांनी तो एकटाकी भरला. 'सोजरबाई, आत्या. स्वयंस्फूर्त.' 'कोकिळाबाई, माता. आत्यांपाठोपाठ.' 'यादवराव, पिता. सूचना मिळाल्यावर.'

त्या संध्याकाळी रंजिता शाळेतून आली. ती एका खासगी शाळेत गणित शिकवत असे. चपला काढता काढता तिने टेबलावरचा तक्ता उचलला, उभ्याउभ्याच वाचला आणि खाली ठेवला.

"बाबा, गायत्रीताईच्या लग्नात काकांनी कन्यादान तीनदा केलं. आठवतं?"

"पहिल्या दोन वेळी मध्ये कोणीतरी आलं होतं."

"तिसऱ्या वेळी ताईच्या हातावर पाणी सोडताना काका तिच्याकडे बघत नव्हते. लेन्सकडे बघत होते. ताई अजून बोलते त्याबद्दल." ती थांबली. "मला एकदाच लग्न करायचंय, बाबा. एकदाच हार घालायचा, एकदाच तुमच्यासमोर हात धरायचा. तुम्ही सूचना मिळाल्यावर रडणार असाल, तर नका रडू."

"अगं, पण तिकडच्या लोकांची अपेक्षा..."

"तुषारला नकोय. कालच बोललो आम्ही. त्याने घरी सांगितलं, तर त्याचे पप्पा म्हणाले, मुलीच्या बापाला हौस आहे, आपण कशाला मोडायची."

यादवरावांनी चष्मा पुसला. "तुषाररावांचं मत आदरणीय आहे. पण ते उचित माध्यमातून आलेलं नाही."

"उचित माध्यम म्हणजे उखर्डूकाका?"

"हो."

"लग्न माझं आहे ना?"

"तेही आहे," यादवराव म्हणाले. पण रंजिता हसली नाही, रागावलीही नाही. ती फक्त त्यांच्याकडे पाहत राहिली. गणिताच्या बाईंनी फळ्यापाशी उभ्या केलेल्या मुलाकडे पाहावे तशी. यादवरावांच्या तोंडून एक वाक्य निघून गेले. "बरं. एकदाच होईल."

एकतीस वर्षांत त्यांनी कोणालाही दिलेले हे पहिले आश्वासन होते. त्याची जावक नोंदही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ते सिंधीपुऱ्यात मोहितकडे गेले. काय बोलायचे, ते त्यांना ठाऊक नव्हते. मोहितने खुर्ची झटकून दिली. समोरच्या भिंतीवर खालपासून छतापर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर लाल मखमली पेट्या दाटीवाटीने रचलेल्या होत्या.

"या विक्रीला आहेत?"

"नाही अंकल, डिलिव्हरीच्या आहेत. कोणी नेतच नाही. सहा महिने फोन करतो मी, की व्हिडिओ तयार आहे, घेऊन जा. सगळे म्हणतात, 'हां हां, येऊन राहिलो.' मग मूल होतं, मग बारशाच्या शूटिंगला बोलावतात. तेव्हा पण ही नेत नाहीत."

यादवराव उठून पेट्यांवरची नावे वाचू लागले. त्यात दोन वकील होते, एक मुख्याध्यापक होते, लालबागेतली चार घरे होती. गायत्रीचीही पेटी होती. खालून तिसऱ्या फळीवर, बोटभर धुळीखाली, नेपानगरच्या प्रकाशरावांच्या थोरल्या चिरंजीवांचा विवाह होता. चार वर्षांपूर्वीचा.

"प्रकाश अंकल तर परवाच आले होते," मोहित म्हणाला. "म्हटलं, आता आलेच आहात तर घेऊन जा. तर म्हणे, पुढच्या वेळी. विचारत होते की मुलीवाले एवढं करून राहिले, त्यांना मना कसं करायचं, म्हणजे खराब नाही दिसणार. क्रेनचं ऐकून तर त्यांचं बीपी वाढलं म्हणे."

यादवरावांनी खिशातून फोन काढला. प्रकाशरावांचा क्रमांक समोर आला. एक बोट टेकवले असते, तर प्रकरण मिटले असते. पण त्यांच्या अनुभवी नजरेला पुढचा सगळा पत्रव्यवहार दिसू लागला. आज रद्द म्हटले, की प्रकाशराव रात्री निवांत झोपतील. सकाळी चहाच्या वेळी विहीणबाई म्हणतील, "क्रेनवरून एकदम शून्यावर आले? आता आणखी काय काय रद्द होईल?" दुपारपर्यंत हे वखारीत पोचेल. मंजूर झालेली योजना रद्द करता येत नसते. ती फक्त राबवल्यासारखी करता येते. ही गोष्ट त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. ती शिकवून त्यांनी कित्येक कनिष्ठ लिपिकांना मार्गाला लावले होते.

त्यांनी फोन खिशात ठेवला.

"मोहित, कॅमेऱ्याला लाल दिवा असतो ना?"

"असतो."

"तो रेकॉर्डिंग न करता लावता येईल?"

मोहितने त्यांच्याकडे, मग पेट्यांकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे पाहिले. "लावता येईल. पण मग मी करायचं काय?"

"सगळं करायचं. फिरायचं, वाकायचं, एक डोळा मिटायचा. ड्रोन उडवायचा, क्रेन फिरवायची. फक्त कोणी म्हटलं की पुन्हा घ्या, तर अंगठा दाखवून म्हणायचं, 'आलं.' काहीही झालं तरी पहिल्याच वेळी आलं."

मोहितने एका पेटीवरची धूळ फुंकली. "अंकल, अकरा वर्षं लग्नांत फिरून राहिलो," तो म्हणाला. "लग्न पाहिलं नाही कधी. चला, एक पाहून घेऊ."

वैशाख शुद्ध सप्तमीला रंजिताचे लग्न लागले. नेहमीच्या अंदाजाने तासभर उशिरा येणाऱ्या निम्म्या पाहुण्यांच्या अक्षता हातातच राहिल्या, कारण गुरुजी 'सावधान'पाशी थांबलेच नाहीत. वधू एकदाच आली, हार एकदाच पडले. तुषारचा फेटा हारात अडकून तिरका झाला, तेव्हा मावशी ओरडल्या, "थांबा, परत घ्या!" मोहितने अंगठा वर केला. "आलं!" तिरक्या फेट्याने जावई हसला आणि रंजिताही हसली. कन्यादानाला यादवरावांनी मुलीच्या हातावर सोडलेले पाणी मनगटावरून ओघळले. ते कोणी पाहिले नाही, कारण सगळा मांडव माना वर करून क्रेन पाहत होता. यादवराव मात्र मुलीकडे पाहत होते. पाठवणीच्या वेळी विहित क्रम मोडून ते सोजरबाईंच्याही आधी रडले. त्यामुळे आत्याबाई नाराज झाल्या. डोळे पुसत त्यांनी मोहितला गाठले. "माझं रडणं आलं का रे?"

"आलं आत्या. एकदम क्लोजअप."

सव्वा महिन्याने मोहितने दोन मखमली पेट्या पोचवल्या. प्रत्येकीत पांढऱ्या रेशमावर एक पेनड्राइव्ह होता आणि त्यात काही नव्हते. एक पेटी उचित माध्यमातून नेपानगरला गेली. यादवराव दोन दिवस कार्यालयातही दचकत होते. तिसऱ्या दिवशी साक्षात प्रकाशरावांचा फोन आला. सोयरीक झाल्यापासूनचा पहिला थेट फोन.

"बडे बाबू, काय व्हिडिओ झालाय! आमच्या हिच्या डोळ्याला दोनदा पाणी आलं."

यादवरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "आपण... पूर्ण पाहिला?"

"पूर्ण! तो वरून घेतलेला मांडव तर काय सांगू!"

मग एकेक अभिप्राय येत गेले. मावशींना संगीत थोडे मोठे वाटले. सोजरबाईंनी आपले रडणे मंदिरात चार बायकांना सांगितले आणि चौघींनीही ते पाहिले असल्याचे मान्य केले. कोकिळाबाईंच्या धाकट्या जावेने तर रीतसर तक्रार केली, की सगळ्या लग्नात ती फक्त दोन ठिकाणी दिसते आणि तीही पाठमोरी. यादवरावांनी दिलगिरी व्यक्त केली.

या हंगामात मोहितला श्वास घ्यायला सवड नाही. लालबागेपासून नेपानगरपर्यंत लोक त्याला सांगतात, "महाजनांच्या घरी केलं, अगदी तसंच पाहिजे." तो प्रामाणिक माणूस आहे. अगदी तसेच करतो. आपल्यालाही एखाद्या लग्नाची पत्रिका आली असेलच. तिथे कॅमेरा आपल्या ताटासमोर येईल, तेव्हा आपण हातातला घास थांबवाल, केस सारखे कराल आणि हसाल. अवश्य हसावे. पुढे कोणी विचारलेच, तर "छान आलाय" एवढे म्हणावे. आजवर आपण तेच म्हणत आला आहात.