खुर्च्या जमवणारा दशरथभाऊ

दशरथभाऊ कुठल्याही लग्नाला गेला की आधी नवरा-नवरी बघत नाही, खुर्च्या बघतो. एकीवर बसतो, मागं रेलतो, डोळे मिटतो, उठतो आणि दुसरीवर जातो. मग मंडपवाल्याला बाजूला घेऊन सांगतो, "एखादी मोडकी निघाली तर टाकू नका, राव. मला कळवा."

आळेफाट्याजवळच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये आम्ही दोघं सुपरवायझर. एक लाईन त्याची, एक माझी. बायका कात्रीनं घडातले खराब मणी काढतात, वजन करतात, पेटी भरतात. माझ्या लाईनवर उभ्यानं, दशरथभाऊच्या लाईनवर बसून. लग्नातल्या खुर्च्या पुरेनात, तेव्हा फाट्यावरच्या गॅरेजमधून त्यानं भंगारातल्या जीपच्या सीटा आणल्या आणि खाली लोखंडी पाय जोडले. बुटक्या बाईला उंच सीट, उंच बाईला बुटकी. गरोदर असली तर पाठीला उशी. त्याचं एकच म्हणणं, "माणूस बसवा, काम आपसूक उभं ऱ्हातं."

मला असलं बोलता येत नाही. मी आपला पुण्याला एका ट्रेनिंगला जाऊन आलो होतो. तिथं सांगितलं की माणसाला कौतुक लागतं. म्हणून मी भिंतीवर 'महिन्याची उत्तम कामगार' अशी पाटी लावली आणि खाली हिराबाईचा फोटो. आठवड्याच्या आत हिराबाई माझ्यासमोर उभी.

"सायेब, तेवढा फोटो काढा. बाकीच्या माझ्याशी बोलंनात. डबासुदिक एकटीच खाती मी."

फोटो काढला. त्यानंतर ती थेट दशरथभाऊच्या लाईनवर जागा मागायला गेली.

मी 'सायेब' आणि तो 'भाऊ', हे मला आधीच खुपायचं. त्याहून खुपायचं ते हे, की माझी बायको मंदाही त्याच्याच लाईनवर. एकदा जेवताना मी विषय काढला.

"माझ्या लाईनवर ये की. लोक काय म्हणत असतील?"

"म्हणत्यात ना," मंदा म्हणाली. "हुशार बाई हाय म्हणत्यात."

शेवटी मी शेठकडे गेलो. म्हटलं, बसून काम केलं की डुलक्या लागतात, माल अडतो. शेठ बघायला आले. दशरथभाऊनं त्यांना जीपच्या सीटवर बसवलं, पाठीमागं पोत्याची घडी घालून दिली. शेठ उठायलाच तयार नाहीत. आपल्या कंबरदुखीची सगळी कहाणी त्यांनी तिथं बसून सांगितली आणि जाताना मला म्हणाले, "तुमच्या लाईनला पण अशाच करून घ्या."

करून घेतल्या. दशरथभाऊकडूनच. सुट्टीच्या दिवशी येऊन तो माझ्या लाईनच्या सीटांना वेल्डिंग करत होता आणि मी त्याला चहा नेऊन देत होतो. चहापेक्षा माझा जीवच जास्त उकळत होता.

यंदा ऐन हंगामात मॅनेजर नोकरी सोडून गेला. शेठनी दशरथभाऊला बोलावलं. मीही तिथंच होतो. जास्त पगार, एसी, काचेची केबिन. मी मनातल्या मनात त्या केबिनमध्ये केव्हाच बसून घेतलं होतं. दशरथभाऊनं नुसतं आत डोकावलं.

"दार लावल्यावर बाहेरचं बोलणं ऐकू येतं का ओ?"

"अजिबात नाही," शेठ अभिमानानं म्हणाले.

"मग नको, शेठ. एकटं बसायला बोरीला घर हाय की माझं."

तो हसत बोलला, म्हणून शेठही हसले. मला हसू आलं नाही. त्याची बायको वारली तेव्हा मी बोरी बुद्रुकला जाऊन आलो होतो. एकुलती मुलगी निरगुडसरला सासरी. कामावरून घरी जायची त्याला कधी घाई नसायची, तेही मी बघत होतो. मला वाटायचं, शेठला दाखवायला थांबतो.

केबिन मला मिळाली. थंड आहे, शांत आहे. संध्याकाळी बायकांचा टेंपो सुटला की काचेतून दशरथभाऊ दिसतो. टेंपो वळणाआड गेला तरी फाटकाशी उभाच. मग आत येतो आणि बायकांनी झाडून ठेवलेली जागा पुन्हा झाडतो.

परवा मी दार उघडून बाहेर आलो. "चला भाऊ, आज आमच्याकडं जेवायला."

"नको राव, वैनींना कशाला तरास," असं म्हणेपर्यंत त्यानं झाडू कोपऱ्यात ठेवलाही होता.

मंदानं त्याचं ताट आधी वाढलं. तव्यावरची पहिली, टम्म फुगलेली भाकरी त्याच्या ताटात गेली. आजवर ती माझी असायची. तो लई हळू जेवला. मंदा आणि मी मिठावरून, उद्याच्या पाण्यावरून काहीबाही बोलत होतो, तर घास हातात धरून ऐकत बसायचा.

निघताना मंदा म्हणाली, "भाऊ, उद्या पण या."

तो लगेच हो म्हणाला नाही. चपला घालता घालता त्यानं माझ्याकडं बघितलं.

"या की," मी म्हटलं. पहिली भाकरी परत त्यालाच जाणार, हे ठाऊक असून म्हटलं.