कॅनडाचा विरोधी पक्ष आणि आमचे खांबेटे काका

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट महिनाभर बंद होती. तेव्हा एकदा खांबेटे काका चार जिने चढून आले, धापा टाकत माझ्या दारात थांबले आणि म्हणाले, "वैशाली, काल आपल्या लोकांनी परत दिवसभर कामकाज अडवलं. हे अपोझिशनला शोभत नाही."

आपले लोक म्हणजे कॅनडाच्या संसदेतला विरोधी पक्ष. बिल्डिंग डोंबिवलीत, मानपाड्याला. काका त्या देशात एकदाही गेलेले नाहीत. पण मुलगा समीर तिकडे नोकरीला आहे, आणि मुलाच्या देशात आपलाही एक पक्ष हवा, असं काकांचं म्हणणं. सत्ताधारी त्यांना नको होते. "सरकार काय, कुणीही चालवतं. खरं काम विरोधकांचं. घरातल्या थोरल्या आत्यासारखं. उगाच आरडाओरडा नाही, नेमकं बोट ठेवायचं." आणि हे लोक नुसत्या घोषणा देतात, म्हणून काकांचा जीव खालीवर होतो.

आदल्या दिवसाची प्रश्नोत्तरं ते सकाळी चहाबरोबर मोबाइलवर बघतात. आवाज इतका, की पोळ्या लाटताना मला पलीकडच्या घरातून तिथल्या सभापतींचा ओरडा ऐकू येतो. मागे निवडणुकीला आपल्याकडचा एक उमेदवार हात जोडत दारात आला, तर काकांनी त्याला विचारलं, "कॅनडातल्या घरभाड्याबद्दल तुमची भूमिका काय?" तो बिचारा "नक्की लक्ष घालू" म्हणून गेला. मी म्हटलं, काका, निदान लिफ्टचं तरी विचारायचं. तर म्हणे, "स्थानिक प्रश्नांत मी पडत नाही." आता यावर काय बोलणार, कपाळ?

समीरचा पूर्वी दर रविवारी फोन यायचा. मग महिन्यातून एकदा. आता काका "जेवलास का" असा मेसेज टाकतात, आणि दोन दिवसांनी नुसता अंगठा येतो. तो अंगठा काका मला आणून दाखवतात.

त्यात मध्येच त्यांनी थेट विरोधी पक्षनेत्याला पत्रं लिहायला घेतली. काकांचा सगळा जन्म एमआयडीसीतल्या कारखान्यात डिस्पॅचला गेला, त्यामुळे पत्र म्हणजे वर जावक क्रमांक, खाली विषय, मग संदर्भ, "महोदय, उपरोक्त विषयान्वये", आणि शेवटी आधार कार्डाची झेरॉक्स, स्वतः सही करून. मी ठाण्याला वकिलाकडे टायपिंग करते, म्हणून इंग्रजी करायचं काम माझ्या गळ्यात. एक पत्र समीरच्या गल्लीतला बर्फ उचलत नाहीत यावर. ते तिथल्या नगरपालिकेचं काम हो, देशाच्या नेत्याचं नाही, असं मी पन्नासदा सांगितलं. "मग त्यांनी पुढे पाठवावं," काका म्हणाले. "आम्ही नाही पाठवत होतो?"

गेल्या शनिवारी मी असंच एक पत्र वाचून दाखवत होते, तेवढ्यात फोन वाजला. समीर. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरवर.

"बाबा, परत त्या ऑफिसचं उत्तर आलंय माझ्याकडे. तुम्ही इथले मतदार आहात का? लोक काय म्हणतील मला?"

"अरे, पण तुमचे विरोधक—"

"माझे नाहीयेत ते!"

जुंपली. समीर तावातावाने बोलत होता, काका मुद्दाम उलट बोलत होते. वीस मिनिटं झाली. मधेच तो खोकला.

"खोकला कधीपासून?"

"झाले पंधरा दिवस. डॉक्टरची वेळ तीन आठवड्यांनंतरची आहे. विषय बदलू नका."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "काका, पाठवणाऱ्याचा पत्ता त्याचा का घालता? इथला घाला ना. उत्तर इथे येईल, त्याच्या डोक्याला ताप नाही."

काकांनी फोनवर किती मिनिटं झाली ते पाहिलं. मग म्हणाले, "इथला घातला तर तो फोन कशाला करेल? नुसतं कसा आहेस विचारलं, की दोन मिनिटांत 'मीटिंग आहे बाबा'. भांडायला मात्र वेळ काढतो. आज तेवीस मिनिटं बोलला."

मी नवा कागद घेतला नि विचारलं, विषय काय घालू.

"खोकल्याच्या रुग्णास तीन आठवडे ताटकळत ठेवणेबाबत," काका म्हणाले. "आणि भाषा कडक ठेव. समीर चांगला चिडला पाहिजे."