गाणारा दिवा

करंट मोड कंट्रोल मी एका रविवारी शिकून दाखवतो, असं ऑफिसात छातीठोकपणे सांगून बसलो! तसं त्यात आहे काय? स्विच चालू झाला की कॉइलमधला प्रवाह चढतो, ठरलेल्या रेषेला टेकला की स्विच बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद, सेकंदाला हजारो वेळा. रेषा सांभाळली की झालं!

रविवारी दुपारपर्यंत घरातल्या छोट्या दिव्यासाठी सर्किट तयार. बटण दाबलं आणि दिवा लागला! शिवाय कॉइल बारीक आवाजात गाऊ लागली. ऊंऽऽ... ऊंऽऽ...

आणि काय सांगू! जन्मापासून दुपारी डोळ्याला डोळा न लागलेल्या आमच्या ठमीने पाळण्यात चक्क डोळे मिटले.

"अहो, हलू नका!" बायको पुटपुटली आणि चटईवर आडवी झाली. कित्येक महिन्यांची झोप राहिली होती बिचारीची. सासूबाई विणता विणता कलंडल्या. वरचे शेजारी "कसला हो हा आवाज?" म्हणत भांडायला आले, खुर्चीत टेकले आणि घोरू लागले! पडदा सावकाश हलत होता. अख्खं घर दुलईत गुरफटल्यासारखं झालं होतं. मला माझंच कौतुक वाटून अगदी गहिवरून आलं.

तेवढ्यात दुर्बुद्धी सुचली. कौतुक दाखवायला मी शेजारच्या गल्लीतल्या आमच्या सिनियर सरांना बोलावलं! दारातच त्यांनी कान टवकारले.

"हे शिट्टी मारतंय!"

"गातंय, सर."

"डोंबल! प्रत्येक ठोक्यात स्विच अर्ध्याहून जास्त वेळ चालू राहतोय. मग एक ठोका लांब, एक आखूड पडतो आणि कॉइल अशी बोंबलते. रेषेला जरा उतार द्यावा लागतो. धडा शेवटपर्यंत वाचलात?"

शेवटाआधी मलाही डुलकी लागली होती, हे मी बोललो नाही. सरांनी दोन बारके भाग जोडले. आवाज बंद! काय ती शांतता!

ठमीने भोकाड पसरलं. सासूबाईंच्या हातातून लोकर सुटली. शेजारी दचकून खुर्चीसकट आडवे! बायको उठून बसली, डोळे लालभडक.

"काय केलंत?"

"दुरुस्त केलं!" सर म्हणाले.

"होतं तसं करा. आत्ताच्या आत्ता!"

सरांनी निमूट दोन्ही भाग काढले. ऊंऽऽ... ऊंऽऽ... पुन्हा सगळे गाढ झोपले.

"सर, तुम्हीही पडा की जरा," मी कुजबुजलो.

"झोप कुठली लागायला? चूक ऐकू येतेय ना!"

आता मलाही गाण्याऐवजी शिट्टीच ऐकू येत होती; मीही टक्क जागाच होतो. म्हणजे शिकलो होतो म्हणायचं!